शेवटच्या बाकावरची सोबत

गेल्या दहा वर्षांत मराठी शाळांच्या व्यवहारात ‘तंत्रस्नेही शिक्षक’ हा शब्द चांगलाच रुळला आहे. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम सुरू झाला आणि त्या सुमारास हा शब्द कार्यशाळांच्या फलकांवर, परिपत्रकांत, प्रमाणपत्रांवर दिसू लागला. शब्द चांगला आहे. ‘तंत्रज्ञ’ म्हटले की जाणकारी डोळ्यांपुढे येते. ‘तंत्रस्नेही’ म्हटले की नाते. व्यवहारात मात्र त्याचा अर्थ आक्रसत गेला. ज्याला प्रोजेक्टर जोडता येतो, व्हिडिओ तयार करता येतो, ऑनलाइन चाचणीची लिंक पालकांच्या गटावर टाकता येते, तो तंत्रस्नेही. ज्याला हे जमत नाही तो मागे पडलेला. स्नेह मोजला गेला तो यंत्राशी. त्या यंत्रामुळे वर्गातल्या मुलाला काय उमगले, हा प्रश्न मोजमापात आलाच नाही. या लेखाचे म्हणणे साधे आहे. नुसते यंत्र हाती आल्याने शिक्षक आणि ग्रंथपाल तंत्रज्ञान वापरायला शिकत नाहीत. सभागृहातल्या दोन दिवसांच्या प्रशिक्षणानेही फारसे शिकत नाहीत. आपल्याच वर्गात, आपल्याच विषयाच्या अंगाने, कोणीतरी जाणते माणूस सोबतीला असताना, वर्षभर करून पाहत ते शिकतात. म्हणून शाळेतल्या तंत्रज्ञानावर जो पैसा खर्च होतो, त्याचा मोठा वाटा यंत्रांकडून या सोबतीकडे वळला पाहिजे.

हा आग्रह धरण्यामागे जुना अनुभव आहे. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर ‘खडू-फळा मोहीम’ आली आणि प्राथमिक शाळांना नकाशे, तक्ते, विज्ञानपेटी, गणितपेटी मिळाली. वस्तू मोडली तर भरपाई कोणी करायची ही धास्ती होती आणि ती वापरायची कशी हे वर्गात येऊन कोणी दाखवले नव्हते. त्यामुळे त्यांतल्या कितीतरी पेट्या कपाटातच राहिल्या. त्याआधी, १९८४ मध्ये, केंद्र सरकारने ‘क्लास’ या प्रकल्पातून निवडक शाळांत बीबीसी मायक्रो संगणक नेले होते. सप्टेंबर २००४ मध्ये ‘एज्युसॅट’ हा खास शिक्षणासाठीचा उपग्रह अवकाशात गेला. २००७ मध्ये ‘दर मुलामागे एक लॅपटॉप’ या जागतिक मोहिमेचा भारतातला पहिला प्रयोग रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातल्या खैरात-धनगरवाड्याच्या एकशिक्षकी शाळेत झाला. यंत्र दरवेळी नवे होते, अपेक्षा मात्र तीच होती : वस्तू पोहोचली की शिकणे आपोआप घडेल. अमेरिकेतले शिक्षण-इतिहासकार लॅरी क्यूबन यांनी १९८६ मध्येच ‘टीचर्स अँड मशीन्स’ या पुस्तकात चित्रपट, रेडिओ आणि दूरचित्रवाणी यांचा शाळेतला प्रवास तपासून हीच गोष्ट मांडली होती. आधी मोठा उत्साह, मग वर्गात तुरळक वापर आणि शेवटी शिक्षकाला दोष, असे ते चक्र आहे. आज देशातल्या शाळांची सरकारी आकडेवारी सांगते की २०२४-२५ मध्ये ६४.७ टक्के शाळांत संगणक आणि ६३.५ टक्के शाळांत इंटरनेट होते. उरलेल्या शाळांना ते मिळालेच पाहिजे, त्यात दुमत नाही. पण यंत्र नाही म्हणून अडले, हे कारण दरवर्षी थोडे थोडे मागे हटते आहे. आता उत्तर द्यायचे आहे ते वापराच्या प्रश्नाला.

वापर बदलला की निकाल किती बदलतो, याचा पुरावा आपल्या शेजारीच, गुजरातेत आहे. वडोदरा महापालिकेच्या शाळांना राज्य सरकारने प्रत्येकी चार संगणक दिले होते. २००२ च्या जूनमध्ये ‘प्रथम’ संस्थेने पाहणी केली तेव्हा मुलांच्या हाती ते क्वचितच येत असल्याचे दिसले. मग चौथीच्या मुलांना आठवड्यातून दोन तास, एका संगणकावर दोघे, असे गणिताचे खेळ देण्यात आले. जे मूल जिथे अडले असेल तिथून सुरुवात. गणितात ठळक सुधारणा दिसली. त्याच राज्यात ‘ज्ञानशाळा’ या संस्थेच्या शाळांत ली लिंडन या अर्थशास्त्रज्ञाने २००८ मध्ये मांडलेला अभ्यास याहून बोलका आहे. तिथे एकच गणिती सॉफ्टवेअर दोन तऱ्हांनी वापरले गेले. काही शाळांत ते रोजच्या तासाच्या जागी आले, तर काही शाळांत तास झाल्यावर सरावासाठी जोडले गेले. जिथे ते चांगल्या शिकवण्याची जागा बळकावून बसले, तिथली मुले इतरांच्या बरीच मागे पडली. जिथे ते शिकवण्याला जोड म्हणून आले तिथे मुले पुढे गेली, आणि अधिक लाभ झाला तो कच्च्या मुलांना. सॉफ्टवेअर तेच, मुलेही तशीच. फरक होता तो त्या साधनाला दिवसाच्या कोणत्या कामात बसवले याचा. दूर पेरू देशात ग्रामीण भागातल्या ३१९ शाळांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. लॅपटॉप वाटपानंतर तिथे दर मुलामागे एकाहून अधिक संगणक झाले, तरी गणित आणि भाषेच्या चाचण्यांत काही फरक पडल्याचा पुरावा मिळाला नाही. या तिन्ही अभ्यासांतून निघणारा अर्थ एकच आहे. यंत्र शिकवण्यात कुठे बसवायचे हा निर्णय निकाल ठरवतो, आणि तो निर्णय रोज, दर तासाला, शिक्षकाला घ्यावा लागतो.

असा निर्णय घ्यायला शिक्षकाला काय यावे लागते? १९८६ मध्ये शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी एक महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली. विषय येणे वेगळे, शिकवता येणे वेगळे आणि ‘हा विषय कसा शिकवायचा’ हे कळणे त्याहून वेगळे. हे तिसरे ज्ञान हाच शिक्षकाच्या पेशाचा गाभा आहे. २००६ मध्ये पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर यांनी त्यात तंत्रज्ञानाची भर घातली. त्यांचे म्हणणे असे की तंत्रज्ञान सुटे शिकवून उपयोग नाही. विषय, शिकवण्याची रीत आणि साधन हे तिन्ही जिथे एकमेकांत मिसळतात तिथे खरे कौशल्य असते. एक साधा धडा घेऊ. त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज १८० अंश असते. ‘जिओजिब्रा’ हे मोफत सॉफ्टवेअर उघडून शिक्षक त्रिकोणाचा शिरोबिंदू ओढून दाखवतो, कोन बदलतात, बेरीज तेवढीच राहते, मुले वहीत विधान उतरवून घेतात. प्रोजेक्टर वापरला गेला, नोंद झाली. पण फळ्यावर सांगितले असते तर यापेक्षा कमी काही घडले नसते. दुसरा शिक्षक बिंदू ओढण्याआधी थांबतो. “हा कोन मोठा केला तर उरलेल्या दोघांचे काय होईल? वहीत लिहा.” मग एका मुलीला पुढे बोलावून तिच्याकडूनच बिंदू ओढवून घेतो. कागदाचा त्रिकोण कापून तिन्ही कोपरे फाडायला आणि एका रेषेत जोडायला लावतो. शेवटी विचारतो, “शंभर त्रिकोण पाहिले, पण जगातल्या प्रत्येक त्रिकोणाला हे लागू आहे कशावरून?” तिथून समांतर रेषेची सिद्धता सुरू होते. या दुसऱ्या शिक्षकाला संगणकाची कळ पहिल्यापेक्षा जास्त येते असे नाही. कुठे थांबायचे, पडदा कधी बंद करायचा आणि कागद कधी हाती घ्यायचा हे त्याला येते. हे कौशल्य माहितीपत्रकात नसते आणि टाळ्यांच्या गजरात दिलेल्या प्रमाणपत्रातही नसते.

ते येते कसे, यावर गेल्या काही वर्षांत चांगले संशोधन झाले आहे. दक्षिण आफ्रिकेच्या नॉर्थ वेस्ट प्रांतात २३० शाळांमध्ये प्राथमिक वाचनशिक्षणाचा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. शिक्षकांच्या दोन गटांना पाठांचे आराखडे आणि वाचनपुस्तिका तशाच मिळाल्या. एका गटाला सभागृहात बोलावून प्रशिक्षण दिले गेले. दुसऱ्या गटाच्या वर्गात अनुभवी मार्गदर्शक नियमाने जाऊन बसला, पाहिले, बोलला, करून दाखवले. दोन वर्षांनी मुलांचे वाचन तपासले तेव्हा दुसऱ्या गटातली वाढ पहिल्याच्या सुमारे दुप्पट होती. पुढे त्याच देशात हा मार्गदर्शक टॅब्लेटवरून, दुरून मिळाला तर काय होते तेही तपासले गेले. इंग्रजी बोलण्या-समजण्यात थोडा लाभ दिसला, वाचनात मात्र प्रत्यक्ष भेटीची सर दुरून दिलेल्या सल्ल्याला आली नाही. केनियात किसुमू भागात तीन पर्याय शेजारी शेजारी ठेवून पाहिले : टॅब्लेट पर्यवेक्षकाला द्यायचे, शिक्षकाला द्यायचे, की वाचनयंत्र थेट मुलाच्या हाती द्यायचे? मुलांच्या वाचनात तिन्हीकडे सुधारणा झाली आणि तिन्हींत म्हणावा असा फरक आढळला नाही. खर्चात मात्र मोठा फरक होता. सर्वांत स्वस्त पडला तो पर्यवेक्षकाच्या हातातला टॅब्लेट, कारण एक पर्यवेक्षक अनेक वर्गांत जातो. तंत्रज्ञानावरचा रुपया सगळ्यात दूरवर पोहोचतो तो शिक्षकाच्या वर्गात येऊन बसणाऱ्या माणसाच्या हातून. थॉमस गस्की यांनी शिक्षक-प्रशिक्षणाविषयी मांडलेला विचारही इथे जुळतो. आपण समजतो की आधी शिक्षकाचे मन वळवावे, मग तो पद्धत बदलेल. प्रत्यक्षात क्रम उलटा असतो. शिक्षक नवी रीत करून पाहतो, मुलांत फरक दिसतो, आणि मग त्याचा विश्वास बसतो. पहिल्या फसलेल्या प्रयत्नानंतर दुसरा प्रयत्न होईपर्यंत कोणीतरी सोबत टिकावे लागते. भाषणाने ते काम होत नाही.

महाराष्ट्राला यासाठी नवी यंत्रणा उभारण्याची गरज नाही, ही जमेची बाजू आहे. १९९० च्या दशकात दहा-पंधरा शाळांचे एक केंद्र अशी रचना झाली. राज्यात अशी ४,८६० केंद्रे आहेत. प्रत्येकाला केंद्रप्रमुख असावा, त्याने शाळांत जावे, शिक्षकांना मदत करावी आणि शिक्षण परिषदेत सर्वांनी एकमेकांचे अनुभव ऐकावेत, ही त्यामागची कल्पना. दक्षिण आफ्रिकेतला मार्गदर्शक आणि केनियातला पर्यवेक्षक जे करतो, ते करण्याची जागा आपल्याकडे तीस वर्षांपूर्वीच निर्माण झाली आहे. पण यांतल्या कितीतरी जागा वर्षानुवर्षे रिकाम्या राहिल्या, आणि भरलेल्या जागांवरच्या माणसांचा दिवस माहिती गोळा करून वर पाठवण्यात जातो. इथे तंत्रज्ञानाच्या इतिहासातली एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. २०१५ मध्ये ‘सरल’ प्रणाली आली तेव्हा हजारो शिक्षकांची संगणकाशी पहिली गंभीर गाठ पडली ती विद्यार्थ्यांची माहिती भरण्यासाठी. रात्री उशिरा, सर्व्हर मोकळा असेल तेव्हा, तालुक्याच्या सायबर कॅफेत किंवा स्वतःच्या मोबाइलवर. राज्याला विद्यार्थ्यांची अचूक नोंद हवी होती आणि ती गरज खरी होती. पण त्यामुळे पुष्कळ शिक्षकांच्या मनात तंत्रज्ञान म्हणजे वरून मागितलेली माहिती, असे समीकरण बसले. ज्या साधनाने आधी आपला वेळ घेतला, त्याच्याशी स्नेह जुळायला वेळ लागतोच. अशा शिक्षकाला ‘नव्याला विरोध करणारा’ म्हणणे अन्यायाचे आहे.

याच राज्यात शिक्षकांनी स्वतःहून तंत्रज्ञान वर्गात आणले, तेव्हा त्याचा चेहरा अगदी वेगळा होता. सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांच्यापुढचा पहिला प्रश्न भाषेचा होता : पाठ्यपुस्तकाची भाषा ही त्या मुलांची घरची भाषा नव्हती. त्यांनी पुस्तके मुलांच्या भाषेत आणली आणि त्यांवर क्यूआर कोड चिकटवले, म्हणजे कविता ऐकता यावी, पाठ पाहता यावा. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत हे कोड छापले गेले, सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘दीक्षा’ या राष्ट्रीय मंचाशी पाठ्यपुस्तकांचे कोड जोडले गेले आणि डिसेंबर २०२० मध्ये डिसले यांना ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाले. दहा लाख डॉलरच्या पुरस्कारातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या उरलेल्या नऊ शिक्षकांना देऊन टाकली. या गोष्टीतला धडा काळजीपूर्वक घ्यायला हवा. परितेवाडीत कोड हे उत्तर होते. त्याआधी ‘या मुलांना नेमके काय अडते’ हा प्रश्न एका शिक्षकाने स्वतः विचारला होता. कोड लाखो पुस्तकांवर छापता येतो, तो प्रश्न छापता येत नाही. प्रत्येक शाळेत तो नव्याने विचारावा लागतो. केरळने हे काम व्यवस्थेच्या पातळीवर करून दाखवले. २००१ मध्ये तिथे ‘आयटी अ‍ॅट स्कूल’ प्रकल्प सुरू झाला, २०१७ मध्ये त्याची ‘काइट’ ही सरकारी कंपनी झाली. त्यांनी मुक्त सॉफ्टवेअर निवडले, ते मल्याळम शाळांना साजेल असे घडवले आणि प्रशिक्षक म्हणून शाळांतलेच शिक्षक घेतले. ४,७५२ शाळांतले ४५,००० वर्ग सज्ज झाले तेव्हा त्या शाळांना ओळखणारी, त्यांची भाषा बोलणारी माणसे जिल्ह्याजिल्ह्यांत आधीच तयार होती. तिथे यंत्रांच्या आधी माणसांची वीण घातली गेली होती. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने एमआयटी आणि टाटा ट्रस्ट्स यांच्यासह राजस्थान, छत्तीसगड, तेलंगण आणि मिझोराम या राज्यांत चालवलेल्या ‘क्लिक्स’ उपक्रमातही हेच सूत्र होते. मुले संगणकावर एकेकटी न बसता मिळून बसतात, बोलतात. शिक्षक मोबाइलवरच्या गटांत आपल्या वर्गातले अडथळे मांडतात. युनेस्कोने या उपक्रमाचा पुरस्कार देऊन गौरव केला.

ग्रंथपाल हा या चर्चेतून नेहमी निसटणारा शिक्षक आहे. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमामुळे गावोगावी शासनमान्य ग्रंथालये उभी राहिली. अ, ब, क, ड अशा वर्गांत विभागलेल्या या ग्रंथालयांची संख्या आज अकरा-बारा हजारांच्या घरात आहे. इतके दाट जाळे फार थोड्या राज्यांकडे आहे. तिथला ग्रंथपाल तुटपुंज्या मानधनावर कपाटे, देवघेव आणि अनुदानाचा अहवाल सांभाळतो. अनेक गावांत वाचनालयाचा खरा वापर आता स्पर्धा परीक्षेच्या मुलांची अभ्यासिका म्हणून होतो. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत तर ग्रंथपालाचे पदच नसते. पुस्तकांच्या कपाटाची किल्ली एखाद्या शिक्षकाकडे असते. ग्रंथालयाचे तंत्रज्ञान म्हटले की आपल्यासमोर येते ती पुस्तकांची संगणकीय यादी. ती हवीच, आणि त्यासाठी पैसाही फार लागत नाही. न्यूझीलंडमधल्या एका छोट्या ग्रंथालय न्यासासाठी तयार झालेले ‘कोहा’ हे मुक्त सॉफ्टवेअर २००० च्या जानेवारीपासून वापरात आहे, ‘ई-ग्रंथालय’ ही भारत सरकारची प्रणाली उपलब्ध आहे. पण यादी ही पहिली पायरी झाली. मराठी विश्वकोश इंटरनेटवर मोफत आहे, राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय आहे, विकिस्रोतावर जुनी मराठी पुस्तके आहेत. दृष्टी अधू झालेल्या आजोबांना मोबाइल मजकूर वाचून दाखवू शकतो. हे सगळे आहे, हे गावातल्या वाचकाला सांगणार कोण? एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली, त्यांत प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा हा आग्रह आहे. आज ‘पुस्तक’ या शब्दात पडद्यावरचा मजकूरही येतो. जोडून देणारा माणूस मात्र तोच लागतो.

शिवाय एक काम असे आहे जे ग्रंथपालाइतके चांगले कोणी करू शकणार नाही : खऱ्या-खोट्याची पारख. २०१७ मध्ये स्टॅनफर्डचे सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅक्ग्रू यांनी इतिहासाचे विद्वान, त्या विद्यापीठातले विद्यार्थी आणि व्यावसायिक तथ्यतपासनीस यांना काही संकेतस्थळे पारखायला दिली. विद्वान आणि विद्यार्थी त्या पानावरच रेंगाळले, त्याच्या देखणेपणाला आणि भारदस्त नावाला अनेकदा फसले. तथ्यतपासनीस मात्र लगेच ते पान सोडून बाहेर पडले आणि या संस्थेविषयी इतर लोक काय म्हणतात ते शोधू लागले. याला त्यांनी ‘आडवे वाचन’ म्हटले. ग्रंथपालाला ही रीत नवी नाही; एका ग्रंथातली नोंद दुसऱ्या ग्रंथाशी ताडून पाहणे हेच संदर्भसेवेचे काम आहे. ‘असर’ या शिक्षणविषयक अहवालाच्या २०२४ च्या ग्रामीण पाहणीत १४ ते १६ वयोगटातल्या ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता, त्यांतल्या ७६ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो समाजमाध्यमांसाठी वापरला होता आणि ५७ टक्क्यांनी अभ्यासाच्या कामासाठी. या मुलांसाठी शाळेच्या ग्रंथालयात आठवड्यातून एक तास आडव्या वाचनाचा झाला, तर तो कोणत्याही महागड्या फलकापेक्षा अधिक मोलाचा ठरेल.

या मांडणीवर पहिला आक्षेप शिक्षकच घेतील, आणि त्यांचा हक्क आहे. निवडणूक, सर्वेक्षण, पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती या सगळ्यातून शिकवायलाच वेळ पुरत नाही. आता वर्षभराची नवी शिकवणी कशाला? हा आक्षेप खरा आहे, आणि माझ्या म्हणण्याला तो बळच देतो. सोबतीने शिकणे म्हणजे सुटीत भरवलेले आणखी एक शिबिर असे मी म्हणत नाही. कामाच्या वेळातले, कामावरचेच शिकणे मला अभिप्रेत आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवली आहे. हे तास व्हिडिओ पाहून प्रमाणपत्र उतरवून घेण्यात घालवण्याऐवजी एकमेकांचे वर्ग पाहण्यात आणि त्यांवर बोलण्यात गेले, तर नवे ओझे येणार नाही, आहे त्या ओझ्याला अर्थ येईल. मग कोणी म्हणेल, ऑनलाइन प्रशिक्षण लाखोंपर्यंत एका महिन्यात पोहोचते, माणूस इतक्या वर्गांत कधी पोहोचणार? ऑनलाइन पाठ माहितीसाठी चांगले आहेत. दुर्गम पाड्यावरच्या शिक्षकाला ते मिळालेच पाहिजेत. पण पोहोचणे आणि मुरणे यांत अंतर आहे, हे वर सांगितलेल्या प्रयोगांनी दाखवले आहे. दूरचा पाठ आणि जवळचा माणूस यांची जोडी बसवावी, एकाला दुसऱ्याच्या जागी ठेवू नये.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. पडदे शाळेत नकोतच, असे म्हणणारे पालक आणि शिक्षक वाढत आहेत. स्वीडनसारख्या पुढारलेल्या देशाने २०२३ मध्ये छापील पुस्तकांकडे आणि हस्ताक्षराकडे पुन्हा वळण्याचे धोरण जाहीर केले. युनेस्कोच्या त्याच वर्षीच्या जागतिक शिक्षण अहवालाने तंत्रज्ञान कोणाच्या अटींवर, असा थेट प्रश्न विचारला. ही काळजी मला रास्त वाटते. लहान वयात लेखन-वाचन कागदावर व्हावे, याच्याशी मी सहमत आहे. पण नीट पाहिले तर हा आक्षेप शिक्षकाच्या शिकण्याची निकड आणखी वाढवतो. पडदा कोणत्या धड्याला हवा, कोणत्याला नको, किती वेळ, कोणत्या इयत्तेत, हे ठरवण्याची समज शिक्षकाकडे नसेल, तर निर्णय विक्रेता घेईल किंवा परिपत्रक घेईल. ज्याला साधन नीट कळते, तोच ते ठाम मनाने बाजूला ठेवू शकतो. आणि घराकडेही पाहिले पाहिजे. ‘असर’च्या २०२३ च्या पाहणीत स्मार्टफोन वापरू शकणाऱ्या १४ ते १८ वयाच्या मुलग्यांपैकी ४३.७ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता. मुलींमध्ये हे प्रमाण १९.८ टक्के होते. शाळेने आणि ग्रंथालयाने दार बंद केले तर फोन असलेल्या मुलाचे फारसे अडणार नाही. नुकसान होईल ते त्याच्या बहिणीचे.

तिसरा आक्षेप अगदी आजचा आहे : कृत्रिम बुद्धिमत्ता आली, ती प्रत्येक मुलाला वेगळे शिकवेल, मग शिक्षकाला शिकवायचे कशाला? मुलाच्या पातळीप्रमाणे सराव देणारी साधने उपयोगी पडतात हे खरे आहे. दिल्लीत ‘माइंडस्पार्क’ या प्रणालीचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला; शाळेनंतरच्या केंद्रांत साडेचार महिन्यांत मुलांनी गणितात आणि हिंदीत मोठी प्रगती केली. पण त्या केंद्रांतही निम्मा वेळ माणसाने घेतलेल्या छोट्या गटाच्या शिकवणीचा होता. आणि संवाद साधणारी नवी साधने चुकीचे उत्तरही आत्मविश्वासाने देतात. मराठीत तर त्यांची भाषा पुष्कळदा भाषांतराची असते. निबंध लिहून देणारे यंत्र मुलाच्या खिशात असताना निबंध कशासाठी लिहायला सांगायचा, हा प्रश्न आता प्रत्येक भाषाशिक्षकासमोर आहे. त्याचे उत्तर कोणतेही यंत्र देणार नाही. केरळच्या ‘काइट’ने २०२४ मध्ये ८०,००० माध्यमिक शिक्षकांसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचे तीन दिवसांचे प्रशिक्षण हाती घेतले. तीन दिवस पुरेसे नाहीत. पण तिथे ते घेणारी प्रशिक्षकांची फळी आधीपासून उभी आहे, आणि ती चौथ्या दिवशी गायब होणार नाही.

मग करायचे काय? केंद्रप्रमुखांची प्रत्येक जागा भरावी आणि महिन्यातले ठरावीक दिवस त्याच्याकडे माहिती मागू नये. ते दिवस वर्गातले. शिक्षण परिषदेत दर वेळी एका शिक्षकाने आपला एक फसलेला आणि एक जमलेला धडा मांडावा. शाळेसाठी यंत्र घेताना किमतीइतकीच काळजी त्यामागच्या सोबतीची घ्यावी : पुढची दोन वर्षे कोण येणार, कोणत्या विषयासाठी, आणि बिघडले तर जबाबदारी शिक्षकाची नाही हे लेखी. तालुक्याच्या ग्रंथालयाचा ग्रंथपाल या परिषदेचा सभासद असावा, त्याच्या मानधनात या कामाची किंमत धरलेली असावी. यांतले काहीही नवलाचे नाही. या मातीत हे एकदा घडून गेले आहे. १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी माँटेसरींची पद्धत आदिवासी मुलांपर्यंत नेली, तेव्हा ती परदेशी साधने महाग होती आणि त्या मुलांना परकी होती. त्यांनी शिंपले, बिया, पाने, खडे घेतले आणि साधनामागचा विचार तेवढा ठेवून बाकी सगळे नव्याने घडवले. मुले शाळेत येत नव्हती, तर शाळा मुलांच्या अंगणात आणि कुरणात नेली. त्या काळचे ते आधुनिक तंत्र होते, आणि त्या दोघी वर्षानुवर्षे एकमेकींच्या साथीने, रोज मुलांकडे पाहत, ते शिकल्या. आज शिंपल्याच्या जागी पडदा आहे, इतकेच. एखाद्या पाड्यावरच्या शाळेत शिक्षिका त्रिकोणाचा बिंदू ओढण्याआधी थांबेल, मुलांना प्रश्न विचारेल आणि त्यांची उत्तरे वहीत उमटेपर्यंत वाट पाहील. शेवटच्या बाकावर केंद्रप्रमुख मांडीवर वही घेऊन बसलेला असेल. त्या दिवशी ‘तंत्रस्नेही’ या शब्दातला स्नेह कोणाशी, हे वेगळे सांगावे लागणार नाही.